जुलैतली दोन दिवसांची मुंबई: आधी भरतीची वेळ, मग ठिकाणांची यादी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून चौघं येणार: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणारी, शाकाहारी आई. जुलैचा तिसरा शनिवार-रविवार. शनिवारी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने यायचं, रविवारी संध्याकाळच्या पंचवटीने परत. यादीत गेटवे, म्युझियम, एलिफंटा, हाजी अली, मरीन ड्राइव्ह, दादरची मिसळ, माटुंग्याचा डोसा आणि एका रात्री मासे. विचारलंय ते एवढंच, की पाऊस लागला तर काय बघायचं आणि राहायचं दादरला की फोर्टला.

त्यातलं 'लागला तर' आधी खोडा. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, त्यामुळे तो लागणारच. आणि छताखाली बघण्यासारखं या शहरात दोन दिवसांना पुरून उरेल एवढं आहे, तेव्हा 'काय बघायचं' ही खरी अडचणच नाही. अडचण आहे ती एका छताखालून दुसऱ्या छताखाली चौघांनी, त्यातही आईंनी, कसं पोचायचं याची. पावसाळ्यात पाहुण्यांची मुंबई बिघडते ती भिजण्याने नाही. टॅक्सीत दीड तास अडकल्याने, लोकल थांबल्याने आणि भुकेल्या पोटी हॉटेलाबाहेरच्या रांगेत उभं राहिल्याने बिघडते. म्हणून आखणी करताना ठिकाणांची यादी सगळ्यात शेवटी काढायची. आधी भरतीची वेळ, मग मुक्काम, मग जेवणाच्या वेळा.

भरतीचं सांगतो, कारण बाहेरगावचे लोक फक्त पावसाचा अंदाज बघतात. मुंबईच्या पावसाळी गटारांची तोंडं समुद्रात आणि खाड्यांत उघडतात, आणि त्यातली बरीच भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. जुनी व्यवस्था ताशी २५ मिमी पाऊस ओहोटीच्या वेळी वाहून नेईल अशा हिशेबाने बांधलेली. पुढे ती ५० मिमीसाठी वाढवायला घेतली आणि हाजी अली, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी पंप बसवले. तरी मूळ गणित तेच आहे. ओहोटीच्या वेळी तासभर धो धो कोसळला तर पाणी साचतं आणि थोड्या वेळात उतरतं. तोच पाऊस मोठ्या भरतीवर आला तर पाण्याला जायला जागाच नसते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोरदार सर एकाच वेळी आली, की हिंदमाता, गांधी मार्केट, सायन, अंधेरी सबवे ही नावं बातम्यांत दिसायला लागतात.

भरतीची वेळ अॅपवर मिळते, पण घरात कालनिर्णय असेल तर अॅपही लागत नाही. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून तीच वेळ दुपारची आणि पहाटेची, दोन्ही धरायची. त्यापासून सव्वासहा तास मागे-पुढे ओहोटी. मुंबईत हा हिशेब दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतो, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या अगदी आधीच्या दिवसांत प्रत्यक्ष भरती हिशेबापेक्षा पाऊणएक तास उशिरा येते. पण सहल आखायला एवढा नेम पुरतो. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, अष्टमीच्या आसपास भांगाची म्हणजे लहान भरती.

तुम्ही लिहिलंय की शनिवारी चतुर्थी, रविवारी पंचमी. म्हणजे उधाण उतरणीला लागलेलं. शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास भरती, रविवारी पावणेचारला. ओहोटी शनिवारी सकाळी पावणेनऊच्या आणि रविवारी साडेनऊच्या आसपास. आता यावरून नियम एकच: दोन्ही दिवशी दुपारी दोन ते पाच या वेळात तुम्ही मुक्कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवेत. लांबचं जे काही असेल ते सकाळी.

मुक्काम फोर्ट किंवा चर्चगेटच्या बाजूला घ्या, दादरला नको. दादर जेवायला उत्तम आणि भाडंही कमी पडेल, पण बघायचं सगळं दक्षिणेला असताना रोज दोनदा हिंदमाता-परळचा पट्टा ओलांडायचा हा पावसात घाट्याचा सौदा आहे. फोर्टात पाणी तुंबतच नाही असं नाही. ५ ऑगस्ट २०२० ला कुलाबा वेधशाळेत चोवीस तासांत ३३० मिमीच्या वर पाऊस नोंदला गेला आणि चर्चगेटचा परिसर पाण्यात होता. पण असे दिवस विरळा, आणि पाणी उतरतंही लवकर. खोली ठरवताना तीन गोष्टी फोन करून विचारा: लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून आहे की अर्धा जिना चढून, पंखा आहे का (नुसता एसी असला तर कपडे वाळत नाहीत), आणि रविवारी चेक-आउटनंतर सामान ठेवतात का. फोर्टातल्या जुन्या इमारतींत पहिलाच प्रश्न आईंसाठी निर्णायक ठरतो.

एलिफंटा यादीतून काढा. गेटवेहून मांडव्याची बोट पावसाळ्यात बंदच असते. घारापुरीची, म्हणजे एलिफंटाची, चालू असते, पण हवामान बिघडलं की थांबते, आणि ते सकाळी धक्क्यावर गेल्यावरच कळतं. जायला तासभर, तिथे लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या घरात ओल्या दगडी पायऱ्या, परत यायला तासभर. डोलीवाले असतात, पण निसरड्या पायऱ्यांवर डोलीत बसणं काही सुखाचं नाही. तेवढ्यासाठी डिसेंबरात या. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तो हत्ती बेटावर नाहीच मुळी, भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. तुमच्याकडे तिसरा दिवस असता तर तिथेच पाठवलं असतं.

शनिवार असा होईल. पंचवटी पावणेअकराच्या सुमारास सीएसएमटीला लागते. कसाऱ्याच्या घाटात पावसाने वेग कमी केला तर अर्धा-पाऊण तास जास्त धरा. उतरल्यावर लगेच टॅक्सीच्या मागे लागू नका. स्टेशनची इमारत आतून-बाहेरून बघायला हीच वेळ आहे. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं तिचं काम चाललं, आणि तिकीटघराच्या दालनातली छताची नक्षी व खांब बघायला पाऊस आड येत नाही. मुलीला बाहेरच्या भिंतीवरचे दगडी प्राणी शोधायला लावा, वीस मिनिटं सहज जातात. समोरच बझारगेटच्या कोपऱ्यावर पंचम पुरीवाला आहे. तिथे साडेअकराला पुरीभाजी खाऊन घेतली की साडेबाराच्या गर्दीत अडकायला नको, आणि आईंचंही पोट भरतं.

तिथून काळा घोड्याकडे, म्हणजे म्युझियमकडे, जाताना दादाभाई नौरोजी रस्ता धरा. इथल्या जुन्या इमारतींना तळमजल्यावर कमानी आहेत आणि पदपथ त्या कमानींच्या आतून जातो. सीएसएमटीपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत बराचसा रस्ता छत्री मिटून चालता येतो. कमानीखाली फेरीवाल्यांनी ताडपत्र्या बांधलेल्या असतात, त्यांच्या कडेवरून पाण्याची जाड धार पडते. चालायचं ते दुकानांच्या बाजूने, खांबांच्या बाजूने नाही. आणि खाली गुळगुळीत फरशी आली की आईंचा हात धरा, पडायला होतं ते रस्त्यावर नाही, इथेच. फाउंटनपासून पुढचं अंतर टॅक्सीने जा. काळी-पिवळी मीटरने चालते, फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं ३१ रुपये. जवळचं भाडं नको म्हणणारे भेटतील, दोघांना विचारलं की तिसरा येतो. रिक्षा या भागात नाहीतच, त्या बांद्रा-सायनच्या पलीकडे.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहा ते सहा उघडं असतं. सगळं बघायचा हट्ट धरू नका, तीन तासांत माणूस थकतो आणि काही लक्षात राहत नाही. आईंसाठी तळमजला: शिल्पांचं दालन आणि हडप्पा काळातल्या वस्तू. मुलीसाठी त्याच मजल्यावरचं प्राण्या-पक्ष्यांचं दालन आणि आवारातलं मुलांचं संग्रहालय. तुम्हा दोघांपैकी एकाने वर जाऊन लघुचित्रं बघावीत, मग दुसऱ्याने. मध्ये घुमटाखालच्या मोकळ्या दालनात थोडं बसा आणि वर बघा. पावसाळी उजेडात तो घुमट उन्हाळ्यापेक्षा चांगला दिसतो, हे माझं वैयक्तिक मत. समोरची जहांगीर आर्ट गॅलरी विनामूल्य आहे, १९५२ पासूनची, सर टळेपर्यंत थांबायला याहून चांगली जागा नाही. गेटवे तिथून दहा मिनिटांवर आहे, उघडीप मिळाली तर चालत, नाहीतर टॅक्सी हळू करून खिडकीतून. तिथे तसं बघण्यासारखं बाहेरूनच आहे.

मरीन ड्राइव्हचं मात्र नीट ठरवा. लाटा कठड्यावरून उसळताना बघायच्या असतील तर भरतीची वेळ, शनिवारी तीन. त्या वेळी रस्त्याच्या इमारतींकडच्या बाजूला उभं राहून बघायचं. मुलीला घेऊन कठड्याजवळ फिरायचं असेल तर साडेपाचनंतर, पाणी मागे हटायला लागल्यावर. काहीही झालं तरी कठड्यापलीकडच्या चौपायी काँक्रीट ठोकळ्यांवर उतरायचं नाही. शेवाळ असतं आणि फटीत पाय गेला तर बाहेर काढणं अग्निशमन दलाचं काम होऊन बसतं. नरिमन पॉइंटच्या टोकाला छत्री उलटतेच. तिथे रेनकोटच हवा. गरम निखाऱ्यावरचं कणीस जरूर खा. पाणीपुरी, कापलेली फळं, बर्फाचा गोळा, ओली हिरवी चटणी हे सगळं या महिन्यात टाळा. वडापाव खायचा तर समोर कढईतून निघालेला, सुक्या लसणीच्या चटणीबरोबर.

आता मासे. इथे बहुतेकांची निराशा होते आणि दोष हॉटेलला दिला जातो. १ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्यामुळे जुलैत ताटात येणारं पापलेट किंवा सुरमई बहुधा बर्फातलं नाहीतर लांबून आलेलं, आणि भाव मात्र चढा. ओळखायचं कसं? तळलेल्या तुकडीचा पापुद्रा ओलसर, मोठ्या पाकळीत सुटला तर मासा बरा. चोथ्यासारखा कोरडा, भुगा होत सुटला तर जुना. वेटरला 'ताजं काय आहे' विचारलं तर सगळंच ताजं असतं. 'आज बर्फातलं नसलेलं काय आहे' असं विचारा, उत्तर वेगळं येतं. या दिवसांत मागवायचं ते खेकडा, शेततळ्यातली कोळंबी, खाडीतली मासळी, आणि मिळालं तर सुक्या बोंबलाचं किंवा जवळ्याचं काही. किनाऱ्यावरच्या घरांत पावसाळ्यात तेच शिजतं. तिसऱ्या, कालवं ही शिंपली टाळलेली बरी, ती पाणी गाळून जगतात आणि पावसात ते पाणी शहराचं असतं.

जागा म्हणाल तर फोर्टात महेश लंच होम किंवा अपूर्वा. दोन्हीकडे मंगळुरी पद्धत, नीर डोसा आणि गस्सी म्हणजे नारळाचं कालवण. आईंना शाकाहारी मिळतं, पण शेजारच्या ताटाचा वास चालत नसेल तर एकाने आईंबरोबर चर्चगेटच्या सम्राटला गुजराती थाळी घ्यावी आणि मासे वेगळे खावेत. एकाच टेबलावर सगळ्यांना बसवण्याच्या आग्रहात चौघांचं जेवण बेचव होतं. शनिवारी रात्री साडेसातच्या आत टेबल धरा. आठनंतर रांग लागते, आणि पावसात रांग म्हणजे ओल्या फुटपाथवर पाऊण तास. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमधली कितीतरी जुन्या खानावळी ऑफिसच्या आठवड्यावर चालतात. रविवारी त्या बंद, म्हणून तिथलं जे काही खायचं ते शनिवारीच, आणि निघण्याआधी फोन करून.

रविवारी सकाळी सातला धोबीतलावला क्यानीत जा. १९०४ पासूनचं इराणी आहे. ब्रून मस्का (लोणी लावलेला कडक पाव), चहा, अंडं खाणाऱ्यांना अकुरी म्हणजे पारशी भुर्जी, मुलीला मावा केक. ब्रून कडक असतो. आईंना तो चहात बुडवून किंवा साधा बनमस्का सांगा. साडेआठच्या आत उठलात तर निवांत, नऊनंतर टेबलाशेजारी लोक उभे राहतात.

पुढचा दिवस मेट्रोवर टाका. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, आणि पावसाळी दक्षिण मुंबईचं गणितच बदललं. सीएसएमटीहून सहावं स्टेशन सायन्स सेंटर. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र दहाला उघडतं. मुलीला तिथे दोन-अडीच तासही कमी पडतील, पण पावणेबाराच्या आत निघा. तिथून चार स्टेशनं पुढे दादर, आणि ते स्टेशन गोखले रोडलाच आहे, म्हणजे आस्वादची मिसळ तुमच्या यादीतली होती ती थोडं चालून. बाराच्या सुमारास पोचा, साडेबारा वाजले की नाव लिहून थांबावं लागतं. आईंना थालीपीठ किंवा साबुदाणावडा. मग पुन्हा खाली उतरून दोनच्या आत फोर्टात, भरतीच्या आधी. स्टेशनांना लिफ्ट आहेत, पण ती एकाच प्रवेशद्वाराला असते. आत शिरताना फलक बघून तेच दार धरा, नाहीतर आईंच्या गुडघ्यांचा सगळा हिशेब एका जिन्यात संपतो. भुयारी असली तरी मेट्रोही अगदी पावसापलीकडची नाही. मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं होतं. म्हणून निघण्याआधी चालू आहे ना एवढं बघा.

रविवारी लोकल का नको? मध्य आणि हार्बरवर रविवारी साधारण अकरा ते चार रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, पश्चिमेला जम्बोब्लॉक. गाड्या उशिरा, गर्दी दुप्पट. त्याच कारणाने माटुंगा या खेपेला सोडा असं मी म्हणेन. डोशाचं कॅफे मद्रास आहे किंग्ज सर्कलला, आणि जोराच्या पावसात सगळ्यात आधी तुंबणाऱ्या जागांपैकी ती एक. अगदीच डोसा सुटत नसेल तर क्यानीऐवजी सकाळी साडेसहाच्या धीम्या लोकलने माटुंग्याला जा, स्टेशनवरून चालत, आणि नऊच्या आत परत निघा.

हाजी अली रविवारी सकाळी जमू शकतं. दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते, पण साडेनऊला ओहोटी असल्यामुळे आठ ते अकरा हा वेळ मोकळा. वाट अर्ध्या किलोमीटरची, सपाट पण ओली, वारा अंगावर, आणि रविवारी गर्दी. आईंना जाऊन-येऊन एक किलोमीटर झेपत असेल तरच. नाहीतर तुमच्यापैकी एकाने जाऊन यावं आणि बाकीच्यांनी थेट विज्ञान केंद्र गाठावं. मला विचाराल तर मी सोडून देईन.

शुक्रवारी रात्री हवामान खात्याचा इशारा बघा. पिवळा असेल तर काही बदलू नका. नारंगी असेल तर दादर काढा, बाकी तसंच. लाल इशारा म्हणजे चोवीस तासांत २०४ मिमीपेक्षा जास्त पावसाची शक्यता. अशा वेळी तिकीट रद्द केलेलं स्वस्त पडतं. दिवसा मात्र चोवीस तासांचा अंदाज उपयोगाचा नाही, पुढच्या तीन तासांचा आणि रडारचं चित्र बघा. मुंबईचा पाऊस सरींनी येतो. दोन सरींमध्ये वीस-तीस मिनिटांची उघडीप असते आणि तेवढी रस्ता ओलांडायला पुरते. पाण्याने भरलेला रस्ता, घोट्याच्या वर पाणी असेल तर, ओलांडू नका. मॅनहोलचं झाकण उघडं असलं तरी वरून दिसत नाही. नाइलाजाने पाय घालावाच लागला आणि पायाला जखम असेल, तर खोलीवर साबणाने धुवा आणि लेप्टोच्या (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळीसाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा नंबर १९१६.

सामानात चौघांना चार रेनकोट आणि एकच मोठी छत्री. बुटांऐवजी पट्ट्याच्या रबरी सँडल. जीन्स नको, एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. फोनसाठी झिपच्या प्लास्टिक पिशव्या, आईंची औषधं वेगळ्या पिशवीत, आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन या, ओल्या सँडलमध्ये रात्री कोंबायला. टॅक्सीसाठी दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा.

परतीची पंचवटी सव्वासहाला सुटते. फोर्टातून स्टेशन दहा मिनिटांवर असलं तरी पाचलाच निघा, कारण भरती नुकतीच उतरायला लागलेली असेल आणि पाऊस असेल तर त्याच वेळी टॅक्सी मिळत नाही. सामान कमी असेल तर पुन्हा त्या कमानींखालून चालत. गाडीत खायला काही मिळेल या भरवशावर राहू नका. घाटात गाडी थांबली तर घरी पोचायला अकरा वाजतील. स्टेशनसमोरच्या आरामचे चार वडापाव बांधून घ्या, चटणी वेगळी.